पीसीओएस हे नाव मिळालं की तपासणी का थांबते? स्त्रीरोगतज्ज्ञांना आणि फॅमिली डॉक्टरांना खुलं पत्र

डॉक्टर, नमस्कार.

गेल्या महिन्यात माझी १६ वर्षांची भाची तुमच्यापैकी एकांच्या दवाखान्यातून चिठ्ठी घेऊन आली. चिठ्ठीवर तीन ओळी होत्या. पीसीओडी. वजन कमी करणे. तीन महिन्यांनी दाखवणे. (पीसीओडी म्हणजेच पीसीओएस, संप्रेरकांच्या बिघाडाने पाळी अनियमित करणारा अंडाशयांचा विकार.) त्या दिवशी तिच्या अंगावरून जायला लागून एकोणीस दिवस झाले होते. दिवसाला किती पॅड लागतात, रक्ताच्या गाठी पडतात का, रात्री झोपेतून उठून बदलावं लागतं का, जिना चढताना धाप लागते का, यातलं काहीही तिला विचारलं गेलं नाही. रक्ताची एकही तपासणी लिहून दिली नाही. पोटाची सोनोग्राफी झाली, तिच्या रिपोर्टातल्या एका ओळीवर निदान झालं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं गेलं.

घरी आल्यावर तिने मला हळूच विचारलं, ‘मावशी, माझ्या पोटात गाठी आहेत का गं? ऑपरेशन करावं लागेल?’

मी आता ३३ वर्षांची आहे. तशीच चिठ्ठी मला मिळाली तेव्हा मी १७ वर्षांची होते. मधल्या १६ वर्षांत माझ्या शरीरात काय झालं ते मला ठाऊक आहे. तिच्या वाट्याला ते येऊ नये म्हणून हे पत्र लिहिते आहे. सगळ्यांसमोर लिहिते, कारण दवाखान्यात माझा नंबर येतो तेव्हा माझ्याकडे चार मिनिटं असतात आणि तेवढ्यात हे सांगून होत नाही. माझा तुमच्यावर विश्वास आहे. मला वाचवलं तेही तुमच्यातल्याच एका डॉक्टरांनी.

माझी हकिगत थोडक्यात सांगते. १७ व्या वर्षी पीसीओएस सांगितलं गेलं आणि संप्रेरकांच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या मी सहा-सात वर्षं घेतल्या, मग कंटाळून बंद केल्या. त्यानंतर पाळी कधी दोन महिन्यांनी यायची, कधी चार. विचारलं की उत्तर यायचं, ‘पीसीओएस आहे ना, मग असं होणारच.’ हळूहळू मीही तेच म्हणायला लागले. २९ व्या वर्षी सलग सात महिने पाळी आली नाही. मग आली ती थांबेना. पहिला आठवडा नेहमीचा वाटला, दुसऱ्या आठवड्यात गाठी पडायला लागल्या, तिसऱ्या आठवड्यात मी गडद रंगाचे कपडे सोडून दुसरं काही घालत नव्हते. मी दोन डॉक्टरांकडे गेले. एकांनी रक्त थांबवायची गोळी पाच दिवसांची दिली. दुसऱ्यांनी वजनाचा आकडा लिहून घेतला. त्रेचाळिसाव्या दिवशी मी कामाच्या ठिकाणी चक्कर येऊन पडले. हिमोग्लोबिन ६.४ निघालं. रक्त चढवावं लागलं. गर्भाशयाचं अस्तर १९ मिलिमीटर जाड झालं होतं आणि त्याचा तुकडा तपासायला पाठवला तेव्हा उत्तर आलं हायपरप्लेसिया, म्हणजे अस्तराच्या पेशींची बेसुमार वाढ. सुदैवाने पेशींचं रूप बिघडलेलं नव्हतं. गर्भाशयात प्रोजेस्टेरॉनसारखं औषध सोडणारं साधन बसवलं, सहा महिन्यांनी पुन्हा तुकडा तपासला, तो स्वच्छ आला.

त्या डॉक्टरांनी मला पहिल्याच भेटीत एका कागदावर चित्र काढून जे समजावलं, ते त्याआधीच्या बारा वर्षांत मला कुणीही सांगितलं नव्हतं. तुम्हाला ते पाठ आहे. तरी इथे लिहिते, कारण हे पत्र वाचणाऱ्या अनेकींना ते अजून कुणी सांगितलेलं नसेल.

इस्ट्रोजेन हे संप्रेरक गर्भाशयाचं अस्तर वाढवतं. अंडाशयातून स्त्रीबीज बाहेर पडलं की बीजाची जी पुटिका मागे उरते, ती प्रोजेस्टेरॉन तयार करते. प्रोजेस्टेरॉन त्या अस्तराला आवर घालतं, बांधून ठेवतं, आणि गर्भ राहिला नाही तर त्याची पातळी उतरते व सगळं अस्तर एकदम सुटून बाहेर पडतं. ती पाळी. पीसीओएसमध्ये बीज वेळेवर बाहेरच पडत नाही. मग ती उरलेली पुटिका नाही आणि प्रोजेस्टेरॉनही नाही. इस्ट्रोजेन मात्र चालूच असतं. अस्तर वाढत राहतं, त्याला आवर नसतो, आणि एक दिवस ते जागोजागी, तुकड्यातुकड्याने तुटायला लागतं. एकीकडे भरून येतं तोवर दुसरीकडे तुटतं. म्हणून आधी महिनोन्‌महिने काहीच नाही आणि मग थांबायचं नाव नाही. पाळी न येणं आणि पाळी न थांबणं ही एकाच बिघाडाची दोन टोकं आहेत. माझ्या फाइलमध्ये पहिल्या टोकाची नोंद बारा वर्षं होत होती आणि दुसऱ्या टोकाबद्दल कुणी बोललं नाही.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी: पीसीओएस हे नाव मिळालं की शोध थांबतो. २००३ मध्ये रॉटरडॅमला ठरलेले निकष तुम्ही रोज वापरता. बीज नियमित न सुटणं, पुरुषी संप्रेरकं वाढल्याची लक्षणं किंवा रक्तातला पुरावा, आणि सोनोग्राफीत दिसणारं अंडाशयाचं विशिष्ट रूप, या तिन्हींपैकी दोन. पण त्याच निकषांत आणखी एक अट आहे, की असंच चित्र उभं करणारी दुसरी कारणं आधी बाजूला काढलेली असली पाहिजेत. थायरॉइड, दूध आणणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक, अ‍ॅड्रिनल ग्रंथीचे जन्मजात दोष. हे तपासायचं कधी? माझ्या बाबतीत थायरॉइडची पहिली तपासणी निदानानंतर नऊ वर्षांनी झाली.

आणि निदान बरोबर असलं, तरी म्हणून दर वेळचा रक्तस्राव त्याच्याच खात्यावर कसा टाकता येईल? जागतिक स्त्रीरोग आणि प्रसूतितज्ज्ञ महासंघाने, म्हणजे फिगोने, २०११ मध्ये अनियमित रक्तस्रावाच्या कारणांची वर्गवारी प्रसिद्ध केली. तिच्यात नऊ खाती आहेत. पॉलिप (अस्तरावरचा मऊ कोंब), अ‍ॅडिनोमायोसिस (अस्तर गर्भाशयाच्या स्नायूत शिरणं), फायब्रॉइड (स्नायूंची गाठ), कर्करोग किंवा त्याआधीची वाढ, रक्त गोठण्यातला दोष, बीज सुटण्यातला बिघाड, अस्तराचेच दोष, औषधांमुळे होणारा रक्तस्राव, आणि कुठेच न बसणारी कारणं. पीसीओएस यातल्या एका खात्यात बसतं. उरलेली आठ कारणं पीसीओएस असलेल्या बाईलाही होऊ शकतात. तिला पॉलिप असू शकतो. शिवाय ती गरोदर असू शकते आणि तिचा गर्भ नळीत अडकलेला असू शकतो. पाळी अनियमित असते म्हणून ‘दिवस गेले नसतील’ असं गृहीत धरणं तर सर्वांत धोक्याचं, कारण बीज कधी सुटेल याचा भरवसा नाही एवढाच त्याचा अर्थ. ते सुटतच नाही असा नाही.

दुसरी तक्रार माझ्या भाचीच्या वयाच्या मुलींसाठी. पीसीओएसबद्दलची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं २०२३ मध्ये नव्याने आली. त्यांत स्पष्ट लिहिलं आहे की किशोरवयात सोनोग्राफीवरून पीसीओएसचं निदान करू नये, कारण त्या वयात अंडाशयं तशी दिसणं नेहमीचं असतं. या मुलींमध्ये अनियमित पाळी आणि वाढलेली पुरुषी संप्रेरकं, दोन्ही हवीत. भाचीला पाळी येऊन तीन वर्षं झाली आहेत. चेहऱ्यावर केस नाहीत, संप्रेरकं तपासलेली नाहीत. निदान कशाच्या आधारावर झालं?

तिच्यासारख्या मुलीला लागोपाठ एकोणीस दिवस रक्त जातं तेव्हा जो प्रश्न आधी विचारायला हवा तो वेगळाच आहे. हिरड्यांतून रक्त येतं का? नाकाचा घोळणा वारंवार फुटतो का? दात काढल्यावर थांबायला वेळ लागला होता का? घरात आणखी कुणाला असा त्रास आहे का? रक्त गोठण्यातला व्हॉन विलेब्रँडसारखा दोष बऱ्याचदा पहिल्यांदा ओळखू येतो तो पाळीतूनच. चार प्रश्न, दोन मिनिटं. आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा ते विचारले गेले आणि तपासणी लिहून दिली गेली. हिमोग्लोबिन ८.१ आलं. गोठण्याच्या तपासणीचा रिपोर्ट अजून यायचा आहे.

आणि त्या ‘गाठीं’बद्दल. १९३५ मध्ये स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी सात स्त्रियांचं वर्णन लिहिलं, तेव्हापासून अंडाशयातल्या त्या लहान लहान फुगवट्यांना सिस्ट म्हणायची सवय पडली आहे. त्या सिस्ट नाहीत. वाढता वाढता मध्येच थांबलेल्या बीजपुटिका आहेत, दोन ते नऊ मिलिमीटरच्या. २०१२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांच्या गटानेही हे नाव दिशाभूल करतं, ते बदलावं, असं म्हटलं. नाव बदलणं तुमच्या हातात नसेल. पण ‘या गाठी नाहीत, ऑपरेशन लागणार नाही’ एवढी दोन वाक्यं तुमच्या हातात आहेत. माझी भाची ती वाक्यं ऐकायला मिळाली नाहीत म्हणून दोन रात्री झोपली नव्हती.

तिसरी तक्रार मोजमापाची. ‘जास्त जातंय का?’ असा प्रश्न विचारला जातो. कशापेक्षा जास्त? प्रत्येकीला स्वतःचंच माहीत असतं. माझ्या आईलाही भरपूर जायचं, म्हणून माझं मला नेहमीचं वाटलं. तासाभरात पॅड पूर्ण भिजतो का, तसं लागोपाठ दोन-तीन तास होतं का, आठ दिवसांच्या पुढे जातं का, गाठी केवढ्या असतात, चादर खराब होते का, बाहेर जायचं टाळता का, असं विचारलंत तर खरं उत्तर मिळेल. आणि रक्त गेलंय म्हटल्यावर नुसतं हिमोग्लोबिन पाहून भागत नाही. एक मिलिलिटर रक्ताबरोबर साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह जातं. शरीर आधी साठ्यातलं लोह संपवतं, हिमोग्लोबिन त्यानंतर उतरतं. फेरिटिन तपासलं असतं तर माझा साठा रिकामा होत चाललाय हे मी कोसळण्याच्या कितीतरी आधी कळलं असतं. केस गळणं, चिडचिड, सतत थकवा, यातली प्रत्येक गोष्ट मी सांगितली होती. प्रत्येक गोष्ट ‘पीसीओएसमुळे’ झाली.

चौथी तक्रार गोळ्यांची. मी गोळ्यांच्या विरोधात नाही, त्या माझं अस्तर सहा वर्षं सांभाळत होत्या हे आता मला कळतं. पण तेव्हा मला सांगितलं गेलं, ‘बघ, पाळी नियमित झाली.’ गोळ्यांच्या दोन पाकिटांमधल्या दिवसांत येणारा रक्तस्राव म्हणजे औषध काढल्यावर होणारी गळती. बीज त्या महिन्यात सुटलेलंच नसतं. हे सांगितलं असतं तर गोळ्या बंद केल्यावर मूळ बिघाड तिथेच असणार, आणि तेव्हा दुसरी काहीतरी सोय लागणार, हे मला समजलं असतं. बंद केल्यावर काय करायचं हे कुणी बोललं नाही, म्हणून पुढची पाच वर्षं मी काहीच केलं नाही. गोळ्या देण्याआधी कुणी विचारलंही नाही, की डोकेदुखीच्या आधी डोळ्यांपुढे झगमगतं का, घरात कुणाला पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती का. मला तसं काही नव्हतं. ज्यांना असतं त्यांच्यासाठी इस्ट्रोजेन असलेली गोळी धोक्याची असू शकते, आणि त्यांना दुसरे पर्याय देता येतात. रक्तस्राव कमी करणारं, बिनसंप्रेरकांचं ट्रॅनेक्झॅमिक आम्ल आहे, नुसतं प्रोजेस्टोजेन, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखं औषध आहे, गर्भाशयातलं साधन आहे. पर्याय आहेत हे आम्हाला कळायला तरी हवं.

पाचवी, आणि हे लिहिताना माझा हात अजून थरथरतो. पीसीओएस असलेल्या स्त्रियांमध्ये गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका इतर स्त्रियांपेक्षा काही पटींनी जास्त असतो. एकंदर पाहता तो कमीच, म्हणून सगळ्यांना घाबरवायची गरज नाही हे मला मान्य आहे. माझ्यासारख्या, पेशींचं रूप न बिघडलेल्या हायपरप्लेसियातून वीस वर्षांत कर्करोगापर्यंत जाणाऱ्या स्त्रिया ५ टक्क्यांपेक्षा कमी असतात, हे त्या डॉक्टरांनी सांगितल्यावर मी त्या रात्री झोपू शकले. म्हणजे खरा आकडा कळल्याने माझी भीती कमी झाली. घाबरेल म्हणून सांगितलं नाही, असं आधीचे डॉक्टर नंतर म्हणाले. पण न सांगितल्यामुळे मी सात महिने पाळी न येणं ही सुटका समजून बसले होते! नव्वद दिवसांहून जास्त काळ पाळी आली नाही तर दाखवायला यायचं, प्रोजेस्टोजेन देऊन अस्तर उतरवता येतं, हे एक वाक्य १७ व्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर मला वाटतं ते त्रेचाळीस दिवस माझ्या आयुष्यात आले नसते.

वजनाबद्दल लांबण लावत नाही. वजन कमी झाल्याने काहींची पाळी सुधारते, हे खरं आहे. सडपातळ बायकांनाही पीसीओएस होतं, हेही खरं. पण समोर बसलेल्या बाईचं रक्त आज जातंय. त्यावर ‘सहा महिन्यांत दहा किलो’ हे उत्तर होऊ शकत नाही. तसंच ‘मूल हवं असेल तेव्हा या, मग बघू.’ माझं गर्भाशय मूल हवं नसतानाही माझ्याच शरीरात असतं.

माझ्या मागण्या साध्या आहेत. पीसीओएस असो वा नसो, जास्त किंवा लांबलेला रक्तस्राव घेऊन आलेल्या प्रत्येकीची गरोदरपणाची तपासणी, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन त्याच दिवशी लिहून द्या. निदान लिहिण्याआधी थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन बघा, आणि बाकीची कारणं कशी बाजूला काढलीत ते कागदावर लिहा, म्हणजे पुढच्या डॉक्टरांना कळेल. किशोरवयीन मुलीला केवळ सोनोग्राफीवरून हे नाव देऊ नका. शंका असेल तर ‘पुढे लक्ष ठेवू’ असं लिहा आणि पुन्हा कधी तपासायचं ती तारीख द्या. तिला रक्त गोठण्याबद्दलचे प्रश्न विचारा. निदान पक्कं झालं की साखरेची तपासणी करा आणि मन कसं आहे हेही विचारा, कारण नैराश्य आणि चिंता या आजारासोबत येतात आणि त्या २०२३ च्या तत्त्वांत याची पडताळणी करायला सांगितलेलं आहे.

प्रत्येकीला नव्वद दिवसांची मर्यादा सांगा. रक्त किती गेलं तर थांबायचं नाही, रात्रीसुद्धा इस्पितळात जायचं, तेही सांगा: तासाला एक पॅड भिजून लागोपाठ दोन-तीन तास तसंच चाललं, चक्कर आली, छातीत धडधडलं, किंवा दिवस गेले असण्याची शक्यता असून पोटात दुखलं तर. ज्यांचा अनियमित रक्तस्राव उपचारांनी थांबत नाही, किंवा ज्यांना अनेक महिने पाळीच आलेली नाही, त्यांचं अस्तर तपासायचं की नाही यावर त्यांच्याशी बोला, वय लहान आहे एवढ्यावर तो विषय सोडू नका. आणि गोळ्या देताना त्या काय करतात, काय करत नाहीत, बंद केल्यावर काय, हे सांगून द्या.

तुमच्या दवाखान्याबाहेरची रांग मी पाहिली आहे. त्या रांगेत मीही बसते. वेळ कमी आहे हे मला कळतं, म्हणून आमच्या बाजूने एक गोष्ट आम्ही करू शकतो ती भाचीने सुरू केली आहे. तिने एक वही केली आहे. त्यात तारीख, पॅडची संख्या, गाठी, दुखणं, त्या दिवशी शाळेत गेली की नाही, असं सगळं लिहिते. पानाच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने लहान-मोठे ठिपके काढते, किती गेलं ते दाखवायला. पहिल्या पानावर सलग चोवीस ठिपके आहेत.

येत्या गुरुवारी तिच्या गोठण्याच्या तपासणीचा रिपोर्ट दाखवायला जायचं आहे. ती वही ती टेबलावर ठेवील. ती फारशी बोलत नाही, लाजते. कृपया वही उघडा.

आपली,
सोळा वर्षं पीसीओएससोबत राहणारी एक रुग्ण, आणि एका मुलीची मावशी